येळवस टाळून लातूरला

हैदराबादच्या मुख्यालयातून आलेल्या तक्त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कपाटं किती, खुर्च्या किती, संगणक कुणी उतरवायचे, इंटरनेट कधी जोडायचं, सगळं रंगीत रकान्यांत मांडलेलं. शुक्रवारी ४ जानेवारी २०१९ला नांदेडात सामान भरायचं, शनिवारी ५ तारखेला लातूरला उतरवायचं, रविवारी मांडामांड आणि सोमवारी ७ तारखेला नव्या जागेत कामकाज सुरू. मी तो छापून भिंतीवर लावला. चहाचे कप उचलायला आलेल्या मामांनी उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाले, "मॅडम, पाच तारखेला येळवस हाय. लातूरात त्या दिवशी माणूस भेटत नसतोय." मग बोट वरच्या ओळीवर सरकवून, "आन् चारला माळेगावची देवस्वारी."

मामा म्हणजे आमचे शिपाई, मूळचे औशाकडचे. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूरकडं आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिवकडं दिवाळीच्या तोडीची. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप उभारतात, आत पाच पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. स्वतःचं शेत नसलेला माणूस मित्राच्या शेतात जातो, पण जातोच. बाजारपेठ बंद, रस्ते ओस, आणि जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. आदल्या दिवशी, म्हणजे वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, उंट, बैल, तमाशाचे फड आणि लाखोंची गर्दी. हे माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. थोडक्यात, वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून मुख्यालयानं नेमके असे दोन निवडले होते की एका दिवशी वाट अडलेली आणि दुसऱ्या दिवशी जिथं पोचायचं ते गावच शेतात गेलेलं.

मी तारखा आठवडाभर अलीकडं ओढल्या, २८ आणि २९ डिसेंबर. कारण म्हणून मेलमध्ये 'स्थानिक सण' एवढंच लिहिलं. फोन आला, "एका दिवसाच्या सणासाठी आठवडा कशाला?" हैदराबादच्या माणसाला येळवस फोनवर समजावून सांगणं माझ्या हिंदीच्या पलीकडचं होतं. मी म्हटलं, हमाल मिळणार नाहीत. ते लगेच पटलं.

मुळात हलायचं कारण पिकातच होतं. आमची कंपनी बियाण्यांची. नांदेडला शाखा उघडली तेव्हा सगळा व्यवहार कापसाचा होता. हा जिल्हा तेव्हा कापसाचाच. इथल्या संशोधन केंद्रातून निघालेल्या एनएचएच-४४ या वाणावर एक अख्खी पिढी पोसली गेली. पण २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कापसाची जी दशा केली, त्यानंतर आमच्या विक्रीचा काटा सोयाबीनकडं कलला तो कललाच. सोयाबीन म्हटलं की लातूर. तिथला आडत बाजार, तिथल्या तेल गिरण्या, आमचे बीजोत्पादनाचे प्लॉटही त्याच बाजूला. उस्मानाबाद, बीड, सोलापूरच्या विक्रेत्यांना नांदेड आडवळणी पडायचं. मग एक दिवस हैदराबादेत कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली. सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर; तीन तासांचा रस्ता. 'शेजारच्या जिल्ह्यात तर जायचंय' हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं त्याची चीड यायला लागली.

कारण कार्यालय लांब न्यायचं असतं तर सोपं गेलं असतं. बदली नागपूरला झाली की माणूस मुकाट्यानं बिऱ्हाड बांधतो, मुलांचे दाखले काढतो, घर सोडतो. लातूरसाठी कुणी घर सोडत नाही. रोज अपडाऊन करायला लांब, संसार हलवायला जवळ. आमच्याकडं चौदा माणसं होती आणि चौदांचंही पहिलं उत्तर एकच, "बघू, आधी जाऊन-येऊन करतो." मीसुद्धा तेच म्हटलं होतं. नवरा जिल्हा परिषदेचा शिक्षक, सासूबाईंना नांदेडच्या डॉक्टरांची सवय, मोठी मुलगी दहावीत. जिच्यावर चौदा जणांना हलवण्याची जबाबदारी, तिचंच बिऱ्हाड हलत नव्हतं. त्यामुळे इतरांना आग्रह करायला तोंड उरलं नव्हतं, आणि आता वाटतं ते बरंच झालं.

रेल्वेची आशा धरू नका, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. नांदेड-पनवेल गाडी लातूरला जाते, पण परभणी-परळीचा वळसा घालून. लोहा-अहमदपूरवरून थेट मार्ग व्हावा ही मागणी जुनी आहे. मागणीवर बसून कुणी कामावर पोचत नाही. म्हणजे एसटी किंवा चारचौघांनी मिळून गाडी.

दुसरी अडचण तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसणारी नव्हती. नव्या मोंढ्यातल्या जुन्या विक्रेत्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, फोनवर नाही. एका शेटजींनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुम्हीबी लातूरला पळवलं की." बाहेरच्या माणसाला हा टोमणा कळायचा नाही. २००९ साली सरकारनं नांदेडला नवं महसूल आयुक्तालय करायचं ठरवलं आणि लातूर पेटून उठलं. आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आयुक्तालय अडकून पडलं. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिलेत. इकडं शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, तिकडं शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यामुळे कुठलंही कार्यालय, कुठलीही गाडी, कुठलंही केंद्र कुठं होणार हा प्रश्न इथं साधा राहत नाही. चौदा माणसांची खासगी शाखासुद्धा त्या हिशेबात मोजली गेली. बियाणं कुठून येतं याच्याशी त्या शेटजींना देणंघेणं नव्हतं. वसुलीला, तक्रारीला, जुन्या ओळखीवर उधारी वाढवून घ्यायला समोर माणूस असावा, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते रास्त होतं.

म्हणून मी नांदेडची जागा पूर्ण सोडायची नाही असा हट्ट धरला. मोठं कार्यालय सोडलं, पण त्याच इमारतीतली एक खोली ठेवली. पाटी तीच, एक टेबल, एक टेलिफोन. तिथं बसायला आमची संगणकावरची मुलगी तयार होती. तिला सहा महिन्यांचं बाळ होतं आणि ती नाहीतर राजीनामाच देणार होती. मुख्यालयाला हे भाडं उधळपट्टी वाटलं. त्यांना शेटजींचा टोमणा सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी ग्राहक मंचाचं कारण पुढं केलं. कारण खरंही होतं. बियाणं उगवलं नाही म्हणून शेतकरी तक्रार करतो, तेव्हा पिशवीवर आणि पावतीवर छापलेल्या पत्त्यावर नोटीस निघते. गेल्या हंगामातल्या सगळ्या पिशव्यांवर नांदेडचा पत्ता होता. नोटीस जुन्या दारावरून परत गेली, आपण तारखेला हजर नाही, की निकाल एकतर्फी. तोही एकदा नाही, जितक्या तक्रारी तितक्यांदा. मोठमोठ्या कंपन्यांची स्थलांतरं टेबलं-खुर्च्या नीट पोचूनही नंतर महागात पडतात ती इथं. वकिलांचं तसं पत्र जोडल्यावर खोली मंजूर झाली.

कागदपत्रांचं म्हणाल तर राज्य एकच असल्यामुळे जीएसटीचा क्रमांक बदलत नव्हता, फक्त व्यवसायाच्या मुख्य जागेचा पत्ता दुरुस्त करायचा. बियाणं विक्रीच्या परवान्यात मात्र गोदामाचा पत्ता असतो आणि नव्या गोदामाची नोंद झाल्याशिवाय तिथून एक पिशवी विकता येत नाही. भाडेकरार नोंदणीकृत हवा, तो नसेल तर परवान्याचा अर्ज पुढं सरकत नाही, आणि करार करायचा तर जागा पक्की हवी. म्हणजे सगळ्याच्या मुळाशी गोदाम. आम्ही ऑक्टोबरपासून गोदाम शोधत होतो आणि कार्यालयाची जागा सगळ्यांत शेवटी घेतली. लोक बहुतेक उलटं करतात. आधी काचेची केबिन बघतात.

गोदाम दाखवणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचे. लातूरकरांना त्याचा राग येत नाही, सवय झाली आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या गाडीला जलदूत म्हणायचे. शहराला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण नंतर भरलं, पण २०१८चा पावसाळा पुन्हा कोरडा गेला आणि ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा वर्षी आम्ही गोदावरीकाठचं, विष्णुपुरीच्या पाण्यावरचं गाव सोडून लातूरला निघालो होतो. आमच्या माणसांच्या मनात सगळ्यांत मोठी भीती पगाराची नव्हती, हंड्याची होती. घरमालक म्हणाले, "बोअर हाय की." बोअरला पाणी आहे का, हा प्रश्न निराळा असतो. मी करारात एक कलम घालून घेतलं: बोअर आटलं तर टँकरचा खर्च मालक आणि भाडेकरू निम्मा-निम्मा भरतील. मालकांनी दोनदा वाचलं, हसले आणि सही केली. मे महिन्यात त्या कलमावर आमची एकदाही बाचाबाची झाली नाही.

सामान हलवण्याच्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं फक्त बियाण्याचं. टेबलं कशीही न्या, ओरखडा पडेल. सोयाबीनचं तसं नाही. दाण्याचं साल पातळ, आत कोंब सालीला लागूनच. पोतं उंचावरून आपटलं की बाहेरून दाणा साबूत दिसतो आणि आतून मेलेला असतो. उगवणशक्ती किमान सत्तर टक्के हवी असा कायद्याचा दंडक. ती टक्केवारी प्रयोगशाळेपेक्षा हमालाच्या खांद्यावर जास्त ठरते, हे मला बियाण्याच्या धंद्यात आल्यावर कळलं. ज्या पिशव्यांवर आमचं पुढचं वर्ष अवलंबून, त्या ट्रकमधून उतरवताना फेकल्या तर सारी आखणी पाण्यात. शिवाय नांदेडात भरणारे हमाल वेगळे, लातूरला उतरवणारे वेगळे. आपली माणसं नेऊन उतरवून घेऊ, असं हैदराबादच्या साहेबांनी सुचवलं होतं. मामांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. लातूरच्या ट्रकवर नांदेडचे हमाल चढले असते तर वाराईचा, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीचा, तंटा दुपारपर्यंत मिटला नसता.

तेव्हा मामांना दोन दिवस आधी लातूरला पाठवलं. त्यांनी गंजगोलाईत कुणा नातलगामार्फत मुकादम गाठला. ही गंजगोलाई १९१७ साली बांधलेली, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. मामांच्या मते लातूरात कुठलंही काम असलं तर त्यातल्या एका रस्त्यावर त्याचा माणूस असतो. दर ठरवला पोत्यावर आणि वर एक अट, पोतं फेकायचं नाही, खांद्यावरून खाली ठेवायचं, थप्पी सात-आठ पोत्यांच्या वर न्यायची नाही. त्यासाठी दर जास्त दिला. तक्त्यातल्या हमालीच्या रकमेपेक्षा बराच जास्त. मी तो खर्च 'नुकसान प्रतिबंध' या नावाखाली दाखवला. नंतर काढलेल्या नमुन्यांची उगवण नांदेडच्या नमुन्यांइतकीच आली. त्या कागदाची प्रत मी हैदराबादला पाठवली, कुणी मागितली नव्हती तरी.

विक्रेत्यांचे सुरक्षेपोटी घेतलेले चेक, शिक्के, तक्रारींच्या लॉटचे सीलबंद नमुने हे ट्रकमध्ये गेलं नाही. ते माझ्या गाडीत, पायाशी. चाकूरला चहाला थांबलो तेव्हाही मी उतरले नाही. ड्रायव्हर भाऊंनी चहा खिडकीतून दिला. "मॅडम, सोनं हाय का त्यात?" "सोन्याहून वाईट," मी म्हटलं. एखादा नमुना गहाळ झाला तर कंपनीची बाजू मांडायला पुरावाच राहत नाही.

३१ तारखेला, सोमवारी, लातूरचं कार्यालय उघडलं. नारळ फोडला. पहिले तीन दिवस फोन चालू, इंटरनेट बंद. असं होणारच म्हणून महिनाअखेरची बिलं नांदेडच्या खोलीतून निघावीत अशी व्यवस्था आधीच केली होती. ५ तारखेला आम्ही कार्यालयाला कुलूप लावलं. सगळे, म्हणजे मी, गोदामवाले काका, दोन विक्री प्रतिनिधी, मामांच्या भावाच्या शेतात औशाला. साहेब हैदराबादहून पाहणीला आले होते, त्यांनाही नेलं. कोपीसमोर पत्रावळीवर भज्जी वाढल्यावर त्यांनी विचारलं, यात नेमकं काय काय आहे. मामांची वहिनी भाज्या आणि शेंगा मोजायला लागली, थांबेचना. साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. तारखा आठवडाभर अलीकडं का ओढल्या, हे मला पुन्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कार्यालय असं दोन दिवसांत हललं. माणसं हलायला उन्हाळा उजाडला. कंपनीनं बिऱ्हाड हलवण्यासाठी भत्ता जाहीर केला होता, मुदत मार्चअखेर. कुणीच घेतला नाही. सोमवारी सकाळी अकराला येणारे आणि शनिवारी तीनलाच घड्याळ बघणारे, मधले दिवस खोली भाड्यानं घेऊन राहणारे. मीही त्यातच. लातूरात एकट्या नोकरदाराला खोली मिळणं सोपं नाही, कारण अख्खं गाव विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं. माझ्या खोलीच्या डाव्या-उजव्या बाजूला नीटची तयारी करणारी पोरं, रात्री दोनपर्यंत दिवा. मेसवाल्या मावशी मलाही 'कुठल्या बॅचला?' विचारायच्या, मग चष्मा लावून बघायच्या.

मी मुख्यालयाला भत्त्याची मुदत जूनअखेरपर्यंत वाढवून मागितली. कारण विचारलं तेव्हा 'शालेय वर्ष' एवढंच कळवलं. खरं कारण मला माझ्या घरात दिसत होतं. ८ जून २०१९ला दहावीचा निकाल लागला. तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकल्यामुळे त्या वर्षी राज्याचा निकालच घसरला होता, पण मुलीला बऱ्यापैकी पडले. नवऱ्यानं त्या संध्याकाळी स्वतःहून विषय काढला. अकरावी लातूरलाच, शाहू नाहीतर दयानंद. बदलीचा अर्ज मी भरतो. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर तिकडंबी असतेतच की." सहा महिने मी ज्या बोलण्याची वाट बघत होते ते सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. त्या महिन्यात आमच्या शाखेतल्या आणखी तिघांनी भत्त्याचे अर्ज दिले. तिघांचीही मुलं दहावी-बारावीच्या आसपासची.

घर बघायला आम्ही अंबाजोगाई रोडकडं फिरलो. जूनमध्ये लातूरात घरभाडी जी चढतात ती बघून नवरा गप्पच झाला. एका ठिकाणी जागा पसंत पडली. घरमालकांनी आधी मुलीला बसवलं, टक्के विचारले, नीट की जेईई विचारलं, कुठल्या क्लासला टाकणार ते विचारलं. मग माझ्याकडं वळून, "आन् ताई, तुम्ही काय करायलाव?" मी सांगितलं, बियाण्याच्या कंपनीत आहे, आमचं कार्यालय नांदेडहून इथं आलंय, डिसेंबरपासून इथंच असते. त्यांनी मान डोलावली. "बरं केलंत," म्हणाले, "पोरीच्या शिक्षणासाठी समदेच येतेत."